खोटं बोलायला प्रेमाबाईच लागतात

सास्तूरच्या प्रेमाबाईंना खोटं बोलायची नुसती हौस नव्हती, हातोटी होती. गावात कुणाचं लग्न जमो की कुणाचा रुसवा निघो, त्यात प्रेमाबाईंनी पदरचं थोडं घातलेलं असायचंच. आणि त्याची त्यांना लाज वगैरे मुळीच नव्हती.

परवा त्यांचा पुतण्या अमृत आणि त्याची बायको गौरी यांचं वाजलं. कारण काय, तर टीव्हीचा रिमोट. गौरी ‘मला न्यायला येऊ नका!’ म्हणत लोहाऱ्याला माहेरी निघून गेली. अमृतनं फोनमधल्या एआयला विचारलं, जाऊ का? त्यानं बजावलं, ‘त्यांनी नको म्हटलं आहे. त्यांच्या शब्दाचा मान राखा.’ अमृतनं आठवडाभर मान राखला.

प्रेमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आरं, त्या फोनला ना सासर, ना माहेर! रुसून गेलेली बाई ‘या’ म्हणंल व्हय?”

“पर काकू, बरोबरच हाय की त्याचं.”

बरोबर होतं, म्हणून तर त्यांना जास्त राग आला. “मग त्यालाच गौरीला लिहाय सांग, अमृतनं अन्न सोडलंय म्हून.”

फोन नम्रपणे म्हणाला, ‘हे खरं नसेल तर मी लिहिणार नाही.’ खरं कुठलं? अमृत तिसरं धपाटं चटणीशी हाणत होता.

“लई सोवळं हाय की रं हे!” प्रेमाबाईंना हसू आवरेना. त्यांनी अमृतला तसाच उठवून लोहाऱ्याच्या जीपमध्ये कोंबला.

गौरी दारातच होती. “पोरगं नीट जेवलं न्हाय गं आठ दिस!” प्रेमाबाईंनी उंबऱ्यावरूनच ठोकून दिलं. गौरीचे डोळे भरले. फोन करू का, असं तिनंही एआयला विचारलं होतं म्हणे. ‘त्यांना वेळ हवा असेल, थांबा,’ असं उत्तर आलं होतं. दोन्ही घरांत शहाणा एकच, आणि दोघं आपापल्या जागी गप्प! प्रेमाबाई पोट धरधरून हसल्या.

मग ताट आलं. प्रेमाबाईंनी डोळे वटारले, तसा भरल्या पोटाचा अमृत उपाशी माणसासारखा भाकरीवर तुटून पडला. दुसऱ्या भाकरीला त्याला घाम फुटला.

गौरी त्यांना चुलीपाशी नेऊन कुजबुजली, “काकू, मिशीला चटणी घेऊन आल्यात ते.”

प्रेमाबाईंनी जीभ चावली. उभ्या जन्मात त्या पहिल्यांदाच पकडल्या गेल्या होत्या. “मग... आता गं?”

“आता काय, पिशवी भरते,” गौरी डोळे पुसत हसली. “फोननं मला एक शब्द खोटा सांगितला न्हाय, काकू. पर न्यायला तुमीच आलाव.”