दोन टप्प्यांचा क्लच

ट्रॅक्टर पारखताना मिस्तरी कधी सीटवर बसले नाहीत. घेणाऱ्याला वर बसवायचं, कुठला गियर टाकायचा ते खालून सांगायचं आणि आपण हात पाठीमागे बांधून मागच्या चाकाच्या बाजूनं चालत राहायचं, ही त्यांची पद्धत. एकेका गियरला शंभर पावलं चालून झाली की निकाल यायचा. "पयला लो वरातीच्या चालीचा हाय, उगाच डिझेल खाईल. दुसरा भरला हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचा. गवताला हाच पायजे. तिसरा यष्टी चुकंल म्हणून निघालेल्या माणसाचा, तो चिखलणीला ठेव." शोरूममधली पोरं तोंडावर हात ठेवून हसायची, पण अंजूरपासून वज्रेश्वरीपर्यंत कुणी मिस्तरींना न विचारता ट्रॅक्टर घेतल्याचं मला आठवत नाही.

अंजूरच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. तिन्ही बाजूंनी गोदामं उभी राहिली तरी त्यांनी ती विकली नाही. आत गोणपाटावर गियरबॉक्सचे दाते ओळीनं मांडलेले असत, आणि प्रत्येक दात्याची त्यांच्याकडे गोष्ट असे. हा कुणाच्या घाईनं तुटला, हा कुणाच्या कंजुषीनं झिजला. पूर्णा गावच्या एका गृहस्थाला गोदामाला जमीन दिल्यावर सगळ्यांत मोठा ट्रॅक्टर घ्यायची हौस आली होती. मिस्तरींनी विचारलं, "शेत किती उरलंय?" दीड एकर, तो म्हणाला. "मंग घोडा घे. मिरवायला बरा दिसतो नि गियर बी न्हाय." तो रागावून गेला आणि पुढच्याच आठवड्यात लहान ट्रॅक्टर कुठला घ्यावा ते विचारायला परत आला.

आमचा धंदा गवताचा. वज्रेश्वरीच्या बाजूला डोंगरउताराच्या वरकस जमिनी खंडानं घ्यायच्या, दिवाळीच्या सुमारास गवत कापून सुकवायचं आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. माझे वडील, अण्णा, हे काम चाळीस माणसं लावून विळ्यांनी करत. पुढे माणसं गोदामांत ड्युटीला लागली आणि विळे धरायला कुणी उरेना. त्यातच अण्णांना अर्धांगवायू झाला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते. नोकरी सोडून मी आणि धाकटा भाऊ सुधाकर असं दोघांनी काम हातात घेतलं. आता मशीनशिवाय गत्यंतर नव्हतं. गवत कापणारं, गोळा करणारं आणि दाबून गाठी बांधणारं मशीन, आणि ही सगळी ओढायला ट्रॅक्टर.

मिस्तरी अण्णांचे जुने दोस्त. बाई ट्रॅक्टरचं शिकायला आली म्हणून न हसणारे ते एकटेच. पावसाळाभर मी दर रविवारी त्यांच्या शेडमध्ये जात होते. त्यांनी मला गियरबॉक्स उघडून दाखवला, पुन्हा जोडायला लावला आणि क्लचपाशी येऊन ते थांबले. "बाकी सगळं विसरलीस तरी चालंल, ह्ये विसरू नको," म्हणाले. "साधा क्लच दाबलास की चाकं बी सुटतात नि मागचं मशीन बी सुटतं. गवत अडकलं की तुला गाडी थांबवायचीय, पण मशीन फिरतं ठेवायचंय, त्याबिगर त्ये गिळणार न्हाय. म्हणून गवताला दोन टप्प्यांचा क्लच. अर्धा दाबला की चाकं थांबली, पुरा दाबला की मशीन."

"आणि साध्यावर काम केलं तर?"

"सपाटीला निभंल. उताराला न्हाय. गाठी बांधायच्या मशीनचं चाक जड असतं, पोरी. तू क्लच दाबलास की इंजिन सुटतं, पण मशीन नि गाडीची चाकं एकमेकांना जोडलेलीच ऱ्हातात. त्ये जड चाक फिरत ऱ्हातं नि तेच गाडीला पुढं ढकलतं. पाय दाबलेला नि गाडी चालतेय. माणसाला कळत न्हाय काय झालं." तसा एक अपघात त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

गणपतीनंतर आम्ही हायवेवरच्या एका शोरूममध्ये गेलो. मला हवा होता तो दोन टप्प्यांच्या क्लचचा ट्रॅक्टर यायला दोन महिने लागणार होते. तोवर गवत उभं वाळून गेलं असतं. दुसरा एक दारातच उभा होता. मिस्तरी त्याच्या बाजूनं नेहमीसारखे चालले, मग खाली वाकून बराच वेळ काहीतरी पाहिलं.

मी विचारलं, "काका, ह्याला क्लच दोन टप्प्यांचा आहे ना?"

"हाय," ते म्हणाले. "मी बघितला."

"पायाला कळत नाही पण."

"नवी गाडी हाय, पेडल कडक असतं. म्हैनाभर दुसरा टप्पा कळणार न्हाय."

माहितीपुस्तक त्यांनीच हातात धरलं होतं. मी ते मागितलं नाही. ज्या माणसानं मला क्लच म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्याकडे क्लचचा पुरावा मागायचा, हे माझ्या मनातही आलं नाही.

पहिले काही दिवस सपाटीवर काम चाललं. गवत अडकलं की गाडीबरोबर मशीनही थांबायचं आणि सुधाकरला हातानं गवत ओढून काढावं लागायचं. मी मिस्तरींना फोन केला. "काका, अर्धा दाबला तरी मशीन थांबतंय." ते म्हणाले, "बसंल हळूहळू. घाई करू नको."

वज्रेश्वरीच्या वरच्या उतारावर सकाळी दहाच्या सुमाराला ते घडलं. गाडी मी चालवत होते. वाटेत एक धोंडा दिसला म्हणून सुधाकर पुढे होऊन तो हलवायला वाकला. मी अर्धा क्लच दाबला. गाडी थांबेना. पुरा दाबला. तरी ती त्याच चालीनं पुढे जात राहिली. मी खाली पाहिलं, पाय पेडलवरच होता. ब्रेक सुचायला लागला तेवढा वेळ पुढच्या चाकाला पुरला. ते सुधाकरच्या पावलावरून गेलं. तो खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, मी असं का केलं असं विचारल्यासारखा.

भिवंडीच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या पावलावर दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण टाच नीट टेकत नाही. पहिले चार दिवस मी सगळ्यांना सांगत होते की चूक माझी, मी गडबडले. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. तो गाडीखालून बाहेर येत म्हणाला, "ताई, ये तो सिंगल क्लच है. डबल किसने बोला आपको?"

मी तशीच अंजूरला गेले. मिस्तरी शेडमध्ये एकटेच होते. मला पाहून उठले आणि उभेच राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "ती गाडी शोरूमवाल्यांकडं कधीची उभी होती. म्हणाले, ही काढून द्या, प्रकाशला वर्कशॉपात घेतो. कायम." प्रकाश त्यांचा एकुलता एक मुलगा, तीन वर्षं घरी बसलेला. "मना वाटलं, तू हुशार हायस. सांभाळून चालवशील."

हे वाक्य माझ्या काळजात बसलं ते बसलंच. मी म्हणाले, "काका, तुम्ही खरं सांगून तीच गाडी घे म्हणाला असता तर मी घेतली असती. प्रकाशसाठी घेतली असती. उतारावर नेली नसती, एवढंच." मला वाटतं, हा मार्ग त्यांना सुचलाच नव्हता.

आठवड्यानं मी शेतावर गेले, तर ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर एक छोटा जोड बसवलेला दिसला. मशीनचं जड चाक फिरत राहिलं तरी त्यानं गाडी ढकलू नये, एवढ्यासाठीच तो असतो. दिवसभराचं काम. ग्रीस पुसून घ्यायची ती सफाई मिस्तरींचीच होती. कुणाला न सांगता येऊन बसवून गेले होते. ते पाहून मला भरून यायला हवं होतं, पण संताप आला. म्हणजे इलाजही ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. बसवला असता तर क्लच साधा आहे हे मला कळलं असतं, म्हणून बसवला नाही.

मी ही गोष्ट सुधाकरखेरीज कुणाला सांगितली नाही. तो म्हणाला, "राहू दे. म्हाताऱ्याकडं शब्दाशिवाय आहे काय?" पण मिस्तरींनीच सल्ला देणं बंद केलं. कुणी विचारायला आलं की माझ्याकडे पाठवायचे. मी जायची, गाडीखाली आडवी पडून स्वतः बघायची, पुस्तक शब्द न् शब्द वाचायची. माझं नाव झालं. रस्त्यात मिस्तरी दिसले की ते थांबायचे. मी थांबत नसे. असं सहा वर्षं चाललं.

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला मी गेले, कारण अण्णा असते तर गेले असते. प्रकाश आता पूर्णाच्या एका गोदामात शिफ्टवर फोर्कलिफ्ट चालवतो. विधी आटोपल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला.

"ताई, एक विचारू? त्या शोरूमची माझी नोकरी बाबांनी महिन्याभरात सोडायला लावली. चांगली कायमची नोकरी. कारण कधी सांगितलं नाही. त्यावरून मी त्यांच्याशी शेवटपर्यंत धड बोललो नाही. तुम्ही त्यांच्याकडं शिकायला यायच्या. तुम्हाला काही बोलले होते का?"

नोकरी सोडायला लावली हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. समोर अंगणात सुधाकर पाय ओढत लोकांना पाणी देत होता. प्रकाशनं त्याला हाक मारून मायेनं खुर्चीवर बसायला सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नाही रे," मी म्हणाले. "मला काही माहीत नाही."

त्यानं लगेच मान हलवली. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.