पाण्यात गेलेली माडी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात एखादा महागडा छंद शिरला, की ते आपोआप साठत जातात. आमच्याकडे तो समुद्रापासून शेकडो कोस दूर, वर्धा जिल्ह्यात शिरला!

माझा धाकटा भाऊ मनोहर याचे आर्वीला कापडाचे दुकान. त्याचा मुलगा नितीन पुण्यात नोकरीला. समुद्रात बुडी मारण्याच्या साध्या डायव्हिंगवर समाधान न मानता तो ‘टेक्निकल डायव्हिंग’ शिकू लागला. म्हणजे अधिक खोल, अधिक वेळ आणि अर्थातच अधिक सामान! वास्तविक त्याच्या पगारातून घरावर माडी चढायची होती. त्याची आई कुसुम हिने खिडक्यांच्या जागाही ठरवून ठेवल्या होत्या.

* * *

प्रथम श्वास घेण्याची यंत्रे आली. दोन!

“दोन काऊन?” मनोहरने विचारले.

“एक बंद पडलं तर जीव जातो, बाबा.”

“मंग बंद न पडणारं एकच घ्या लागत होतं!”

माडीचा जिना गेला.

* * *

नंतर आतून थेंबभरही ओले होऊ न देणारा पोशाख आला. शेजारच्या धान्याच्या व्यापाऱ्याने तो चिमटीत धरून पाहिला.

“पोरा, भिजाचं नाई तर पाण्यात काऊन उतरून राह्यला? दुकानात बस. फुकटात कोरडा राह्यशील!”

पुढची खोली गेली.

* * *

आंजी गावातल्या आमच्या विहिरीत सराव करायचा, म्हणून नितीन पाठीवर बांधायच्या टाक्या घेऊन वर्ध्याला एसटीत चढला. कंडक्टरने अडवले.

“गॅस चालत नाई.”

“गॅस नाही, साधी हवा आहे.”

“पुण्याहून हवा आणली? काऊन, वर्ध्यातली संपली का?”

* * *

फार खोल जायचे तर श्वासात हेलियम मिसळावा लागतो, हे नितीनने सविस्तर समजावले. मनोहरने शांतपणे ऐकले.

“म्हणजे फुग्यातला गॅस?”

“हो.”

“अन् त्याच्यानं तू खाली जाशील?”

* * *

शेवटी एका यंत्राचा विषय निघाला. त्याची किंमत उरलेल्या माडीएवढी. मनोहर आठवडाभर धुमसला आणि अखेर म्हणाला, “घे बाबा. आपण खालीच राहू.”

कुसुम या साऱ्या खरेदीत चकार शब्द बोलली नव्हती. आंजीच्या सरावाला मात्र ती आमच्यासोबत आली होती. नितीन विहिरीत चाळीस मिनिटे होता. आम्ही झाडाखाली चहा प्यायलो. ती काठावरून हलली नाही. पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरची तिची नजर ढळली नाही.

आता तिने प्रथमच विचारले, “ह्या मशीनीत असं काय जास्तीचं हाय?”

नितीन खुलला. “आई, हिच्यातून बुडबुडेच निघत नाहीत! आपण खाली आहोत, हे माशांनासुद्धा कळत नाही.”

कुसुमने हातातले ताट खाली ठेवले.

“मासोळ्याइले नाई समजलं तरी चालते. मले कसं समजन?”