अल्पशा आजाराने

फ्लेक्सच्या दुकानातला वास मला आता कुठेही ओळखता येईल. ओली शाई, तापलेलं प्लास्टिक आणि बंद खोलीत दिवसभर फिरणाऱ्या पंख्याची धूळ, असा तो एकवटलेला वास. मार्गशीर्षातली ती सकाळ होती. बाहेर मेहकरच्या रस्त्यावर कोवळं ऊन पडलं होतं, हरभऱ्याची भाजी घेऊन बसलेल्या बायांच्या टोपल्यांतून आंबूस हिरवा गंध दरवळत होता, आणि आत, संगणकाच्या निळसर उजेडात, मी आणि माझी भाची पूनम माझ्या मेलेल्या भावाचा चेहरा पडद्यावर मोठा होताना बघत होतो. तेरवी दोन दिवसांवर आली होती. गावच्या फाट्यावर श्रद्धांजलीचा बोर्ड लागल्याशिवाय आमच्याकडे आता माणूस पुरता जात नाही.

दुकानदार जाड भिंगांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. त्याने भाऊच्या फोटोला हार घातला, मागे ढग आणले, ढगांतून किरणं सोडली, आणि मजकुराची चौकट उघडली. तीत आधीच्याच कुणाच्या तरी बोर्डातले शब्द तयार होते: ‘यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.’ त्याने फक्त नाव बदललं. मी मान हलवली. थकलेल्या माणसाला तयार वाक्यं बरी वाटतात, त्यांच्यात आपल्याला काही ओतावं लागत नाही.

माझा सारा जन्म तयार नावं शिकवण्यात गेला आहे. चिखलीच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शरीररचना शिकवते. कानातून घशाकडे जाणारी युस्टेशियन नळी, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या फॅलोपियन नळ्या, मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी धरलेलं विलिसचं वर्तुळ. एका रात्रीत तोंड वाकडं होतं ती बेल्स पाल्सी, हात थरथरतात तो पार्किन्सन. कोण कुठल्या काळातले, कुठल्या थंड देशांतले हे वैद्य, आणि त्यांची नावं आमच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली वहीच्या समासात गिरवून पाठ करतात! नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला त्याचं मोठं कौतुक वाटे. मी वर्गात सांगायची, अगं, आपल्या शिवारात नाही का वावरांना नावं असतात, ज्याने पहिल्यांदा झाडोरा काढून जमीन केली त्याचं नाव त्या वावराला कायमचं चिकटतं, मालक किती का बदलेनात, तसंच हे. मुली हसायच्या आणि नावं त्यांच्या लक्षात राहायची. आता नवी पुस्तकं म्हणतात, ही माणसांची नावं काढा, अवयवाला त्याच्या कामावरून ओळखा. मी दोन्ही नावं शिकवते. कुठल्याही बाजूने भांडायची उमेद आता माझ्यात उरलेली नाही.

पण एक नाव मी शिकवताना नेहमी घाईने पुढे गेले. हंटिंग्टन. या आजारात माणूस चाळिशीच्या आसपास अडखळू लागतो, हातपाय त्याचं ऐकेनासे होतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते, स्वभाव बदलतो, आणि मग वर्षानुवर्षं, अगदी थोडा थोडा करून, तो नाहीसा होत जातो. औषध नाही. आईकडून किंवा बापाकडून येतो, आणि लेकराला येईल की नाही हे नाणं उडवल्यासारखं असतं, छाप किंवा काटा. ज्या डॉक्टरचं हे नाव, त्याचे वडील आणि आजोबाही वैद्यच होते, आणि तिघांनीही त्याच गावातली तीच घराणी पाहिली होती. तीन पिढ्यांचे वैद्य आणि तीन पिढ्यांचे रोगी! त्यातल्या वैद्यांचं नाव राहिलं. ज्यांनी तो आजार अंगावर वागवला त्या घराण्यांना कुणी विचारलं नाही. भोग त्यांचा आणि नाव भलत्याचं, हा हिशेब मला कधी पटला नाही.

भाऊचं दुखणं पोळ्याला बाहेर आलं. जानेफळच्या अलीकडे आमचं गाव. तिथे तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान आमच्या घराचा होता. त्या वर्षी झूल घातलेले, शिंगांना हिंगूळ लावलेले बैल घेऊन भाऊ पुढे निघाला, आणि भर वेशीत, सगळ्या गावासमोर, त्याचे पाय एकमेकांत अडकले. कासरा सुटला, बैल बिथरले, पोरंबाळं पळाली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते, त्या दिवशी पुष्कळांच्या पोटात बाटली जाते. गाव म्हणालं, यानं आजच उघडलेली दिसते. माझा भाऊ, ज्याने जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, तो त्या एका संध्याकाळीत पेताड झाला. पुढच्या वर्षी मान दुसऱ्या घराला गेला. आमच्या वडिलांचे हात असेच हलायचे तेव्हा लोक म्हणत, त्यांच्यावर कुणी करणी केली आहे. भाऊच्या वेळेपर्यंत गाव सुधारलं होतं, करणीच्या जागी दारू आली होती.

त्याला नागपूरला मी नेलं. डॉक्टरांनी नाव उच्चारलं तेव्हा मला नवं काही कळलं नाही, फक्त ज्या दाराला मी पाठ लावून उभी होते ते उघडलं. घरी येऊन वहिनीला मी सांगितलं, नसांचा आजार आहे. तिने ते गावात सांगितलं. गाव म्हणालं, बरोबर आहे, पिऊन पिऊन नसा जातातच. वहिनी त्यानंतर कुणाला काही समजावायला गेली नाही. किराणा आणायला ती भर दुपारी, रस्ता रिकामा असताना जायची. नाव मी तिला सांगितलं नाही, कारण नावाच्या मागोमाग वारसा येतो आणि पूनम तेव्हा शाळेत होती. पूनम मोठी झाल्यावर तिला मात्र मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आत्या, मंग तुले बी असू शकते ना? मी हो म्हटलं. तपासणी तिनेही केली नाही, मीही नाही. भाऊला लागलं त्या वयाच्या मी केव्हाच पुढे आले आहे, पण हा आजार कधीकधी उशिराही येतो. खडू हातातून निसटला की मुली वाकून उचलून देतात आणि मी क्षणभर माझ्या बोटांकडे बघत राहते. एकट्या बाईला असं टाळत राहणं सोपं असतं. तिच्या होकार-नकारावर कुणी अडून बसलेलं नसतं.

पूनमचं मात्र अडलं होतं. बी.फार्म. होऊन ती मेहकरला एका औषधांच्या दुकानात काम करते. चिखलीकडचं एक चांगलं स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं होतं. मुलाचे वडील समंजस होते. ‘बाप पेतो’ हे ऐकूनसुद्धा, पोरीकडे बघून पुढे आले होते. तेरवीला ते येणार होते.

तर त्या दुकानात पूनमने पडद्यावरच्या बोर्डाचा फोटो काढून आईला पाठवला, आणि चहा येण्याच्या आत वहिनीचा फोन आला. पूनमने तो माझ्या हातात दिला.

“बाई, हे अल्पशा काऊन लिवलं?” वहिनी रडत नव्हती, आवाज अगदी कोरडा होता. “अल्पशा कुठं होता थो? जवान गडी होते तवापासून मी त्याईले भरवलं, धुतलं, उचललं. गावानं पेताड म्हणलं, ऐकून घेतलं. आता मेल्यावर बी अल्पशाच काय? त्या बीमारीले नाव तं असंनच. तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाले माहीत असंन. थेच लिवा. मोठ्या अक्षरात लिवा.”

मी म्हटलं, “वहिनी, थांबा, विचार करून सांगते.” फोन ठेवल्यावर मला एकाएकी इतका शीण आला की तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसूनच राहिले. एका बाईला आपल्या नवऱ्यावरचा डाग पुसायचा होता आणि तो पुसणारा शब्द माझ्याजवळ होता. तोच शब्द फाट्यावर टांगला की येणारा-जाणारा तो मोबाईलवर शोधणार, आणि दुसऱ्याच ओळीत वाचणार की हा लेकरांत उतरतो. बापाची अब्रू आणि लेकीचं लग्न एकाच शब्दात येऊन बसलं होतं, आणि निवड करायला मी! मला भाऊचा राग आला, त्या वैद्याचा आला, गावाचा आला. ‘दीर्घ आजाराने’ असं लिहून दोघींचीही समजूत घालावी असं मनात आलं, मी तसं दुकानदाराला सांगणारही होते.

तेवढ्यात पूनम बोलली. “काका, थे अल्पशा खोडा. हंटिंग्टन आजाराने असं लिवा.”

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, पण शब्दही मागे घेतला नाही.

दुकानदाराने टंकता टंकता विचारलं, “हे कोन्या गावाचं नाव हाये काय?”

“डॉक्टरचं हाये.”

“त्यानंच इलाज केला होता काय यायचा?”

“नाई काका. त्यानं नुसतं ओळखलं होतं.”

यंत्र घरघरू लागलं आणि आतून, पायांपासून वर वर, माझा भाऊ हळूहळू बाहेर येऊ लागला. पूनम दोन्ही हातांनी तो ओला फ्लेक्स धरून उभी होती. त्या वयात मी अशी उभी राहू शकले नसते.

तेरवीच्या दिवशी सकाळपासून माणसं फाट्यावर बोर्डापुढे थांबत होती. ज्यांनी पोळ्याचा मान काढून घेतला त्यांच्यातलेही दोघे-तिघे होते. नाव वाचायचे, एकमेकांकडे बघायचे आणि टोपी सारखी करून पुढे यायचे. माफी कुणी मागितली नाही, तशी आपल्याकडे पद्धतही नाही. पण पंगतीत एक म्हातारा वहिनीला म्हणाला, “माय, आमाले काय माहीत व्हतं,” आणि तेवढ्यावर वहिनीने जन्माचं सारं सोडून दिलं. उन्हाच्या पट्ट्यात, दाराशी, ती उजळ माथ्याने बसली होती. भेटेल त्या बाईला सांगत होती, “दारू नोयती वं, बीमारी होती. मोठ्या डॉक्टराच्या नावाची.” तिचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो निवला होता.

चिखलीचे पाहुणे जेवून उठले तेव्हा दुपार कलली होती. मुलाच्या वडिलांनी हात धुतले, पूनमला बाजूला, तुरीची गंजी लावली होती तिकडे बोलावलं. मी ताक घेऊन मागेच होते. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि फार अवघडून विचारलं, “बेटा, हे जे मी वाचलं, थे खरं हाये काय? लेकराले येते?”

“येऊ शकते काका. मी तपासलं नाई अजून.”

मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू लपवलं नाई, हे बरं केलं,” म्हणाले आणि गाडीकडे गेले. त्या हातातच उत्तर होतं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. माझा मुलगा असता तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारायचं टाळते.

वळले तर मागे वहिनी उभी. पाहुण्यांना द्यायला आणलेली पानाची तबकडी तिच्या हातात तशीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. निवलेला चेहरा माझ्या डोळ्यांदेखत विझला.

“मंग काऊन लिवू देल्लं पोरी?” तिने विचारलं. “मी तं अडानी. तुले तं माहीत होतं.”

“बाबा पेत नोयते, आई. म्हणून.”

वहिनी तिथेच, गंजीला टेकून, खाली बसली. पूनम तिच्याजवळ बसली. तुरीच्या वाळत्या पाल्याचा कडवट वास त्या उन्हात भरून राहिला होता आणि मांडववाले सतरंज्या झटकत होते. रडायलाही अंगात बळ लागतं, आणि ते त्या घरात फार पूर्वीच संपलं होतं.

मग वहिनीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काहीतरी जुळत आलं होतं. सासरा, नवरा, लेक असं करत ती माझ्यापर्यंत पोहोचली, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

“आन् तुमी, बाई?”

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं मी या घरात औषधं आणली, गाड्या ठरवल्या, डॉक्टरांशी बोलले. शहाणी म्हणून सगळ्यांनी मला विचारलं, पण माझ्याविषयी कुणी विचारलं नव्हतं. पूनमने विचारलं होतं खरं, पण ती स्वतः त्याच होडीत होती. वहिनी काठावरची होती, तिच्या रक्तात हे काही नव्हतं, आणि तिने विचारलं. मी म्हटलं, “मलाही असू शकतो, वहिनी. मी तपासून घेतलं नाही.”

तिने पदराने तोंड पुसलं. तबकडीतली पानं नीट लावली, जणू अजून कुणी घ्यायला येणार होतं.

“दोघीइचं एकाच दिवशी करा मंग,” ती म्हणाली. “नागपूरले मी संगं येतो. बसायले कोनी तं पायजे.”

पूनमने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं नाही.