ज्या खात्यातून दादाला काढलं

मला राग आला की हात आधी चालतो, डोकं मागून येतं. दादाने चिंचणीची आमची बोट मला न विचारता विकली आणि सौदा झाल्यावर फोनवर सांगितलं, तेव्हाही तसंच झालं. मी बोईसरच्या खोलीवर होते. फोन ठेवला आणि त्याच क्षणी माझ्या खात्यातून त्याला काढून टाकलं.

हे खातं बँकेतलं नव्हे. मी परदेशातल्या लोकांसाठी प्रोग्रॅम लिहिते, त्याचे पैसे ब्लॉकचेनवर, म्हणजे बँकेशिवाय चालणाऱ्या इंटरनेटवरच्या हिशोबवहीत, येतात. तिथे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एक प्रोग्रॅमच, खातं सांभाळतो. ते कोणाच्या फोनवरून उघडायचं याची यादी त्यात लिहावी लागते. मी दोन फोन लिहिले होते, माझा आणि दादाचा. माझा हरवलाच तर त्याच्या फोनवरून नवा जोडता यावा म्हणून. कुठेकुठे त्याचं नाव आहे तेवढं त्याच्या फोनवर दिसायचं, बाकी त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खातं तीन ब्लॉकचेनवर होतं आणि तिन्हीकडची यादी वेगळी. एकीकडे नाव खोडलं तरी दुसरीकडे ते तसंच राहतं. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावते. त्या दिवशी मात्र रागाच्या भरात एकाच ठिकाणी खोडलं आणि मोकळी झाले.

पाच महिन्यांनी बोईसरच्या बाजारात माझा फोन चोरीला गेला. माझ्या बोटाशिवाय तो उघडत नाही, त्यामुळे चोराला काही मिळणार नव्हतं. पण मलाही नाही. पालघरला घर घ्यायचं म्हणून साठवलेलं सगळं त्या खात्यांत होतं. नवा फोन घेऊन बसले तेव्हा कुठे उजेड पडला. जिथे दादाला काढलं होतं ते खातं आता कोणालाच, कधीच उघडता येणार नव्हतं. काढायचं राहिलेली दोन खाती फक्त तोच उघडू शकत होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दादा आता तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. मी चिंचणीला पोचले तेव्हा तो नुकताच येऊन जेवायला बसला होता. बोट विकल्याच्या त्या फोननंतर आम्ही बोललोच नव्हतो. फोन गेल्याचं सांगितलं, नवा जोडून दे म्हटलं. त्याने काही न विचारता हात धुतले, आपला फोन आणला आणि मी दाखवलं तिथे अंगठा टेकवला. एक खातं उघडलं. दुसरं उघडलं.

"आनि तिसरा?"

"ते गेलं, दादा."

"म्हाईत हाय मना. तू मना काडलास, त्याच दिशी फोनवर दिसला. वाटला, बाकीच्या दोन जाग्यांवरनं पन काडशील. रोज बगायचो."

पाच महिने, रोज! मी कसंबसं म्हटलं, "चुकलं माझं."

त्याने आपला फोन माझ्यापुढे सरकवला. "तुजा नवा जोडला ना? आता काड. मी बसलोय हितंच. पाठीमागं नको काडूस."

मी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. त्याने फोन उचलला नाही. ताट जवळ ओढलं आणि गार झालेला भात जेवायला लागला.