चिंबोरीच्या पाठीचा राक्षस

टेबलावर फौज मांडून झाली की तो वाकून हनुवटी टेबलाला टेकवायचा आणि शिपायांच्या उंचीवरून समोर पाहायचा. मग समाधानाने म्हणायचा, "आता भ्या वाटतंय. चला."

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण रविवारी टेबलावरची लढाई खेळतो. ज्याने त्याने आपली बोटभर उंचीची फौज आणायची, टेपने अंतर मोजून पुढे सरकायचं, फासे टाकून मारामारी करायची. आमची वयं विचारू नका. माझी फौज परदेशातून मागवलेली, भिंगाखाली रंगवलेली. तो उरणकडचा कोळी, न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवणारा. त्याची फौज दुष्टांची, आणि सेनापती एक राक्षस. त्याचं चिलखत म्हणजे चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, अख्खी पाठ, हातात सुरमईच्या काट्याचा भाला. मागे कोलंबीच्या मिशा लावलेले शिपाई.

तुम्ही असतात तर तुम्हीही माझ्या टेबलाकडे पाठ केली असती. सगळे करायचे. माझी बायको एकदाच हॉलमध्ये आली, आणि तिनेही फोटो काढला तो त्याच राक्षसाचा. मी जळायचो. रविवारी दुपारी जेवण जायचं नाही, इतका.

शेवटी मीही बाजारातून चिंबोऱ्या आणल्या. पाठ नीट सुटावी म्हणून उकडल्या, तर ती केशरी झाली. माझा राक्षस वरातीला निघाल्यासारखा दिसायला लागला. वरून दिलेला काळा रंगही सोलून निघाला. नाइलाजाने त्यालाच विचारलं.

तो हसला नाही. "उकडायची नाय, दादा. कच्चीच साफ करायची, मिठात ठेवायची, सावलीत सुकवायची. मी आनून देतो ना."

पुढच्या रविवारी त्याने तीन पाठी कागदात गुंडाळून आणल्या. त्यातली एक त्याच्या राक्षसाच्या पाठीपेक्षा मोठी होती.

मला त्याचाच राग आला. आमच्या वार्षिक स्पर्धेचे नियम लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी एक ओळ वाढवली: फक्त कंपनीने बनवलेली फौज चालेल.

स्पर्धेच्या सकाळी तो थर्माकोलच्या पेटीत फौज घेऊन आला. नियम मीच वाचून दाखवला, सगळ्यांसमोर. त्याने उघडलेलं झाकण परत लावलं.

"मंग मी बगत बसलो तर चालंल ना?"

"चालेल की," मी म्हणालो.

दिवसभर तो पेटी मांडीवर घेऊन बसला. शेवटचा सामना मी जिंकलो. पहिली टाळी त्याची होती. पेटीमुळे हात नीट जुळत नव्हते, तरी तो वाजवत राहिला.

त्यानंतर तो आला नाही. मी नियम काढून टाकला, ग्रुपवर तसं कळवलं. त्याचा नुसता अंगठा आला. फोन केला तर म्हणाला, "शिफ्ट हाय, दादा. येतो ना." याला आता वर्ष झालं.

मी अजून त्याच्यावर जळतो, पण राक्षसावरून नाही. त्याच्या जागी मी असतो, तर माझ्याने ती टाळी वाजली नसती.