पुस्तकांची उगवण चाचणी

आमच्या साडूभाऊंइतका चिकित्सक माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नाही, आणि ही देवाचीच कृपा. दोन असते तर मी केव्हाच नोकरी सोडून कुठंतरी निघून गेलो असतो. टरबूज सगळेच वाजवून घेतात. हे नारळ, मडकं, पाट आणि एकदा तर आमच्या घराचं नवं दारसुद्धा वाजवून बघत होते. माझ्या मेव्हणीला बघायला आले तेव्हा पोह्यांचा पहिला घास घेण्याआधी पोहे कोणत्या गिरणीचे, हे त्यांनी विचारलं होतं. कुंभार पिंपळगावला त्यांची शेती. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय यावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं, नाहीतर पिशवी दुकानदाराला परत. आता हे आमच्याकडे बरेच जण करतात. पण शाळेची पुस्तकंही याच रीतीनं तपासणारे साडूभाऊ एकटेच.

त्याचं असं झालं, की त्यांनी आपली मुलगी साक्षी हिला सातवीनंतर शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. कारण सांगायला मला लाज वाटते. सातवीला ती अंबडला आमच्याकडे राहून माझ्याच वर्गात शिकत होती. एकदा तिनं विचारलं, "सर, दाण्यात झाड असतं, तर त्या झाडात परत दाणा असतो का?" बावीस वर्षं विज्ञान शिकवून थकलेला माणूस जे बोलतो तेच मी बोललो: "ते परीक्षेला नाही. बस खाली." ती जी बसली ती बसलीच. वर्ष संपल्यावर घरी जाऊन म्हणाली, आता शाळा नको. साडूभाऊंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट दर रविवारी सल्ला विचारायला माझ्याच दारात! दोष दिला असता तर निदान रविवारची झोप तरी मिळाली असती.

मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा द्यायची होती. नापास झाली तर वर्ष गेलं, आणि घरात बसलेल्या पोरीकडं गाव कसं बघतं हे काय सांगायचं? गणित, भाषा, भूगोल यांची पुस्तकं साडूभाऊंनी एका दिवसात ठरवली. अडलं ते जीवशास्त्रावर. "भूगोलाचं आपल्याला काय कळतंय, सर? पण हा आपला धंदा हाय. यात कुणी फसवायला न्हाई पायजे." मग सुरू झाली पुस्तकांची वरात. एका पुस्तकातल्या गाईला वशिंड नव्हतं, नापास. दुसऱ्यात पेंग्विनला दोन पानं आणि गांडुळाला तीन ओळी. "तीन वळी? आन् शेत काय पेंग्विन नांगरून राह्यलंय का?" घरी शिकणाऱ्या मुलांसाठीचा एक परदेशी अभ्यासक्रम कुणाकडून तरी छापून आणला, त्यात सफरचंदाशिवाय फळच नव्हतं. शहागडच्या एका ट्रकवाल्याकरवी दूरवरून एक हिंदी पुस्तकही मागवलं. ही सगळी खताच्या रिकाम्या गोणीत भरून एसटीनं अंबडला येत. चहा मी करायचा, पानंही मीच उलटायची.

जी पुस्तकं या चाळणीत टिकत, त्यांची उगवण चाचणी होई. पहिला धडा शिकवायचा, आठ दिवस त्याचं नाव काढायचं नाही, आणि मग साक्षी गाईला चारा टाकत असताना अचानक दहा प्रश्न टाकायचे. सात उगवले तर पुस्तक पास. पहिल्या पुस्तकाचे चार उगवले, दुसऱ्याचे सहा. तिसऱ्यापासून मात्र दहापैकी दहा! साडूभाऊ हवालदिल. "सगळीच उगवायला लागली, सर. मंग निवडू कसं?" मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचा पहिला धडा पेशीचाच! परीक्षेला अडीच महिने राहिले होते आणि पोरीला पेशी सहा तऱ्हांनी येत होती, पुढचं अक्षरही नाही.

मी चिडून बोललो असतो, पण त्या रविवारी साक्षी सोबत आली होती. तीच म्हणाली, "बाबा, तेच बी सहांदा तपासून राह्यलेत तुमी. तवर वाफसा निघून चाल्ला ना."

पेरणीजोगी ओल निघून जाते म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. साडूभाऊंनी सगळी पुस्तकं तिच्यापुढं सरकवली. तिनं आपलं साधं सरकारी पाठ्यपुस्तक उचललं, जे मी वर्गात शिकवतो तेच, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका शिकवणार असतील तर हेच चालंल."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

पुढचे सगळे रविवार तिचे. ती विचारायची, मला येत नसेल तर मी "येत नाही, शोधू" म्हणायचो. या वयात हे वाक्य शिकलो. साडूभाऊ आत येत नसत. "माझ्यापुढं ती लाजंल," म्हणून बाहेर पायरीवर बसायचे, परतीच्या बसकडं लक्ष ठेवून. साक्षी चांगल्या गुणांनी पास झाली, जालन्याला वसतिगृहात राहून नववीला जाऊ लागली. मी सुटलो म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दारात साडूभाऊ. हातात ना गोणी, ना पिशवी. मी विचारलं, "आता काय राहिलं?"

ते चपला काढता काढता घुटमळले. "पचनसंस्था राह्यली, सर. त्या दिवशी बस जल्दी आल्ती, तर अर्ध्यातूनच उठावं लागलं. जठरापातूर ऐकलं व्हतं मी. फुडं अन्न कुठं जातं?"

मी पुस्तक काढलं. पायरीवर नाही, आत, साक्षी बसायची त्या खुर्चीवर त्यांना बसवलं. मी भरभर सांगायला लागलो तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सावकाश सांगा, सर. आता काय परीक्षा न्हाई."