फुकट्यांच्या गर्दीतला माझा भाऊ

नितीन गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याचा फोन माझ्या हातात होता. माझी भावजय सीमा आत त्याच्याजवळ होती आणि मी बाहेरच्या बाकावर त्याचं पाकीट, चष्मा, फोन असं सगळं ओटीत घेऊन बसले होते. फोन थरथरला. मला वाटलं कुणा नातेवाइकाला कळलं असेल... म्हणून बघितलं. कुणा अनोळखी माणसाचा मेसेज होता. सकाळपासून प्रिंटरचं सॉफ्टवेअर उतरत नाहीये, जमत नसेल तर साइट बंद करा ना, कशाला लोकांचा वेळ खाता? आत माझा धाकटा भाऊ चादरीखाली झाकलेला, आणि आम्ही या महाशयांचा वेळ खात होतो. तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. मृत माणसावर लिहिताना गोड लिहावं म्हणतात, मला ते जमणार नाही.

मी आयुष्यभर बसवर कंडक्टर होते. मोशी, तळवडे, चाकण, सगळ्या रूटवर उभी राहून पाय झिजवले. फुकटा माणूस मी चढतानाच ओळखते. पण नितीननं उभी केली तसली बस मी कधी बघितली नव्हती. तिकीट नाही, पास नाही, यावं, बसावं, जावं. कॉलेजात असताना त्यानं एक भंगारातला कॉम्प्युटर घरी आणला होता. वडील पिंपरीत कंपनीत फिटर, नवा घ्यायची ऐपत नव्हती. तो चालू होईना. तेव्हा कुणा परक्या गावच्या माणसानं, ओळख ना पाळख, त्याला लागणारी सीडी पोस्टानं पाठवून दिली. ते पोराच्या मनात घर करून बसलं. पुढे तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी लागली, मोशीत फ्लॅट झाला, लग्न झालं, आणि त्यानं ही साइट काढली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले जुने प्रिंटर, जुने कॉम्प्युटर, मराठी टायपिंग, यांना लागणारी सॉफ्टवेअर तिथून कुणीही फुकट उतरवून घ्यावीत. वाटायला परवानगी असलेलीच ठेवायचा, चोरीचा माल नाही. आणि प्रत्येक फाइल आधी स्वतःच्या जुन्या मशीनवर टाकून चार दिवस वापरायची, मगच साइटवर चढवायची. बाल्कनी बंद करून केलेल्या त्या खोलीत सुट्टीचे सगळे दिवस जायचे. सीमा म्हणायची, यांना सवत आणायची गरजच नाही.

जोडीला एकच माणूस, दत्ता. नितीनच्या ऑफिसातला, मूळ पुनावळ्याचा. ऑफिसात साहेबी मराठी बोलतो, आमच्याकडे आला की घरची बोली. साइट ज्या भाड्याच्या मशीनवरून चालते ती दत्ता सांभाळायचा. दोघांनी एक रुपया घेतला नाही, जाहिरात लावली नाही. आणि या फुकट सेवेचं लोकांनी काय केलं ते ऐका.

पहिल्यांदा आली यंत्रं. म्हणजे कुणीतरी दूर बसून असे प्रोग्रॅम सोडलेले असतात, ते एकच फाइल दिवसभर परत परत उचलत राहतात. त्या भाड्याच्या मशीनवरून महिन्याला उतरवायचा ठरलेला कोटा ते चार दिवसांत फस्त करायचे आणि खऱ्या गरजवंताच्या तोंडाला पानं पुसली जायची. मग नितीननं दारात एक प्रश्न ठेवला. मराठी घरात वाढलेल्या माणसाला सहज यावा आणि यंत्राला येऊ नये असा. दूध उतू चाललं तर आधी काय करावं, असले प्रश्न. नवीन प्रश्नांसाठी तो मला फोन करायचा, “अक्का, काहीतरी सुचव की.” मी म्हटलं, विचार की, सुट्टे पैसे नसले तर कंडक्टर काय म्हणते? तो पोट धरून हसला. म्हणाला, त्याची उत्तरं आली तर साइटवर सोवळ्यातला माणूस फिरकायचा नाही. पण त्या एका प्रश्नावरूनही लोकांनी शिव्या घातल्या. आम्ही काय परीक्षेला बसलोय का, फुकट देता तर माज कसला करता... एकानं तर सगळे प्रश्न उत्तरांसकट कुठल्याशा ग्रुपवर टाकले आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे यंत्रंही हुशार झाली, दूध उतू गेल्यावर गॅस बंद करायचा हे त्यांनाही कळायला लागलं. नितीन आणि दत्ता दर थोड्या दिवसांनी नवीन कडी बसवायचे आणि कुणीतरी ती उचकटायचं. बसमध्ये सीट फाडणारे मी बघितलेत. त्यांना सीट नको असते, हाताला चाळा हवा असतो. हे त्याच जातकुळीतले.

पण खरी घाण पुढे आली. कुणीतरी नितीनची साइट जशीच्या तशी उतरवून शेजारी दुसरी उभी केली. नावात एका अक्षराचा फरक, तेच रंग, तीच यादी, फक्त मधोमध हे एवढं मोठं हिरवं बटण. ते दाबलं की सॉफ्टवेअरच्या पोटातून चोर घरात. नितीनच्या मोशीतच मंगल म्हणून एक बाई लग्नपत्रिका टाइप करून देतात, नवरा चाकणला कंत्राटी. त्यांनी ते बटण दाबलं. ऐन लग्नसराईत सगळं काम कुलूपबंद झालं आणि ते सोडवायला खंडणी मागणारा मेसेज आला. बाई थेट नितीनच्या दारात. तुमच्यावर विश्वास टाकला हो, म्हणून रडल्या, नको ते बोलल्या. हा माझा दोष नाही असं तो म्हणू शकला असता. त्यानं त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या घरी जाऊन सगळं मशीन पुसून पुन्हा बसवून दिलं. गेलेल्या पत्रिका काही परत आल्या नाहीत, त्या बाईंनी पुन्हा टाइप केल्या. त्या दिवशी तो माझ्याकडे जेवायला आला तर ताटातलं चिवडत बसला. म्हणाला, “अक्का, साइट बंद पडली तरी मला चालेल. पण आपल्या नावावर कुणी विष प्यायलं, हे नाही चालणार.” त्यानं पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी ती नोंदवूनही घेतली. पण साइट चालवणारा कुठल्या देशात बसलाय तेच कळेना. एक बंद पाडली की दुसरी उगवायची.

तेव्हा दत्ता म्हणाला होता की आपल्या पानावर तुझा फोटो टाकू, म्हणजे लोकांना अस्सल कळेल. नितीननं हात जोडले. चौकाचौकातले फ्लेक्स बघून त्याचं डोकं फिरायचं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, आणि मेल्यावरही पाठ सोडत नाहीत. कामाला तोंड कशाला हवं, म्हणायचा. गेला तोवर त्या साइटवर त्याचं नावसुद्धा नव्हतं, अडचण आली तर लावायला फक्त फोन नंबर.

नितीन गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि दत्ता फोन घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं स्क्रीन माझ्यापुढे धरली. त्या नकली साइटवर नितीनचा फोटो होता. हार घातलेला, बाजूला पणती. ‘आमचे संस्थापक यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ आणि त्याच्या छातीखाली ते हिरवं बटण. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हे मी बोलण्यात शंभरदा वापरलं असेल, डोळ्यांनी तेव्हा बघितलं. फोटो सीमानं स्वतःच्या स्टेटसला ठेवलेला होता, लोणावळ्याला काढलेला. तिथूनच कुणीतरी उचलला. लोक हळहळत होते, खाली हात जोडत होते आणि बटण दाबत होते. जाताजाताही माझा भाऊ लोकांच्या घरात चोर सोडत होता... हे मला सहन होईना.

सीमाचं म्हणणं साधं होतं. आपल्या साइटवरही फोटो टाका, याहून चांगला, नाव घाला, कोण होता ते लिहा. “माझ्या नवऱ्याचं तोंड त्या चोरांकडे आणि आपल्याकडे काहीच नाही?” असं तिनं विचारलं. तिचं दुःख माझ्या मतापेक्षा मोठं होतं. मी दत्ताकडे बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, “वैनी, आपुन फोटो टाकला तर त्ये उद्याच्याला त्याच्याहून मोठा टाकतील. त्यांना काय लाज हाय का? आन् दादाला नको व्हता.” सीमा उठून आत गेली. दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही. मी काही समजवायला गेले नाही. मीच कुणाला समजवण्याच्या मनःस्थितीत नव्हते, दिसेल त्याला शिव्या घालत होते. दत्तानं पुन्हा तक्रार दिली आणि नव्या फायली चढवणं थांबवलं, कारण त्या वापरून बघणारं कुणी उरलं नव्हतं. नितीननं तपासलेल्या तेवढ्या राहू दिल्या. नकली साइटपासून सावध राहा, अशी एक ओळ वर घातली. तीही चोरांनी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी उचलली.

गेल्या रविवारी मी मोशीला गेले होते. नितीनचा फोन त्याच्या खोलीत टेबलावरच असतो, सीमा तो बंद करू देत नाही. आम्ही चहा घेत होतो आणि तो वाजला. मी उठेपर्यंत तिनंच जाऊन उचलला आणि सवयीनं स्पीकरवर टाकला. चाकणकडचा कुणी झेरॉक्सवाला होता, दबकत बोलत होता. सर गेल्याचं वाचलं, वाईट वाटलं, म्हणाला. मग अडखळत म्हणाला की टायपिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं, पण दोन साइट दिसतायत. एकीवर सरांचा हार घातलेला फोटो आहे, दुसरीवर कुणाचाच नाही. यातली त्यांची खरी कुठली?

पलीकडून हॅलो, हॅलो चाललं होतं.

“ज्या साइटवर ह्यांचा फोटो नाही,” ती म्हणाली, “ती.”